बाईंचं केंद्र आणि दोघी बहिणी

आमच्या बाईंना कोणी ‘संस्थापक संचालक’ म्हटलं की मला हसू यायचं. कसल्या संचालक! पहिल्या दिवशी त्यांनी आणि मी नाकाला रुमाल बांधून व्यायामशाळेमागची खोली झाडली होती. मोडके बाक, फाटक्या गाद्या, गंजलेली वजनं, आणि उंदरांचा तर भरलेला संसार. विद्यापीठाने ती खोली मोठ्या उदार मनाने दिली, कारण ती दुसऱ्या कोणालाच नको होती. दारावर बाईंनी स्वतः पाटी ठोकली, ‘वार्धक्य संशोधन केंद्र’. संध्याकाळपर्यंत कोणा विद्यार्थ्याने खाली खडूने लिहून ठेवलं, पेन्शनरांनी इकडे वळावे. मी ओलं फडकं घेऊन निघाले तर बाई म्हणाल्या, राहू दे गं, वाट तरी सापडेल.

मी तिथली ऑफिसातली बाई. फोन, चहा, कुलपं, भांडणं, सगळं माझ्याकडे. येणारी म्हातारी मंडळी माझ्या माघारी मला ‘फौजदार’ म्हणायची आणि त्यांना वाटायचं मला ऐकू येत नाही. कान माझे चांगले होते. त्यांचेच गेलेले होते, म्हणून ते ओरडून कुजबुजायचे.

बाई शरीरक्रियाशास्त्र शिकवायच्या. चमकणाऱ्यांतल्या नव्हत्या. मीटिंगमध्ये त्यांचं बोलणं संपायच्या आत दुसरं कोणीतरी सुरू करायचं आणि बाई गप्प बसायच्या. त्यांचे वडील एका सकाळी जेवणाच्या टेबलावरून उठेनात. डॉक्टरांनी सांगितलं, वय झालं. बाई म्हणायच्या, कधी झालं? काल झालं, की वर्षभर होत होतं? एका घरात राहून आम्हाला कोणालाच कसं दिसलं नाही? ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती की पुढचं वाक्य मीच म्हणून टाकायचे. पण त्यांचं केंद्र उभं राहिलं ते त्याच एका प्रश्नावर, हे मलाही कबूल करावं लागेल.

त्यांची पद्धत साधी होती. तीच माणसं, दरवर्षी, तीच खुर्ची, तेच प्रश्न. हाताची पकड किती, कॉरिडॉरमध्ये एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत चालायला वेळ किती, हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं, झोप कशी, आठवण कशी, एकटं वाटतं का. माणूस जिवंत आहे तोवर हे चालायचं. माणूस गेला की त्याच्या जवळच्या कोणाकडून एक शेवटची मुलाखत घ्यायची. शेवटचे महिने कसे गेले, स्वतःचं स्वतः होत होतं का, शेवटी जवळ कोण होतं. अर्धवट मोजून सोडायचं असेल तर सुरूच कशाला करायचं, असं बाई म्हणायच्या. या शेवटच्या मुलाखतीला त्यांनी विद्यार्थ्यांना कधीच पाठवलं नाही. स्वतः जायच्या, आणि परत आल्या की दिवसभर डोकं धरून बसायच्या. मी चिडायचे. तुम्ही काय प्रत्येकाच्या घरच्या आहात का, असं विचारायचे. त्या नुसत्या चहा मागायच्या.

आणखी एक नियम. तपासणाऱ्या विद्यार्थ्याला समोरच्या माणसाचं नाव कळू द्यायचं नाही, मागचे आकडे कळू द्यायचे नाहीत. फक्त क्रमांक आणि वय. गेल्या वर्षी चांगलं होतं हे कळलं की यंदाही चांगलंच दिसायला लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि कोणालाही ‘आजी’, ‘आजोबा’ म्हणायचं नाही. एका मुलीने एका गृहस्थांना आजोबा म्हटलं तर ते तपासणी न करताच टोपी घालून निघून गेले होते.

सुरुवातीला कोणी येईचना. आम्ही वाचनालयात, दवाखान्यात, बसथांब्यावर कागद चिकटवले. बाईंचे यजमान पाण्याचे पंप विकायचे. ते रोज संध्याकाळी बायकोला न्यायला यायचे आणि रिकाम्या खुर्च्या बघून म्हणायचे, मी साठीचा झालो की मलाच घे, निदान तुझी भेट तरी होईल. बाई हसायच्या, पण मनातून खचल्या होत्या.

मग त्या दोघी बहिणी आल्या. थोरली शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. धाकटी टेलिफोनच्या ऑफिसात होती, लग्नच केलं नाही. दोघी एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायच्या. थोरल्या ताईंनी आल्या आल्या खोलीची स्वच्छता तपासली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि क्रमांक एक स्वतःसाठी मागून घेतला. धाकटी म्हणाली, द्या हो तिला, माझा जन्मापासून दोन नंबरच आहे. पकड मोजायच्या यंत्राला तिने अशी मूठ आवळली की विद्यार्थी घाबरला. ती त्याला म्हणाली, रस निघाला तर अर्धा कप तुला. त्या दिवसानंतर हळूहळू माणसं यायला लागली. अर्धीअधिक तर धाकटीनेच गोळा करून आणली असतील.

केंद्र काढणं एक वेळ सोपं, चालवणं म्हणजे जिवाला घोर. दर नव्या कुलगुरूंना ती खोली नव्याने दिसायची. कोणाला तिथे उत्तरपत्रिका ठेवायच्या होत्या, कोणाला टेबल टेनिस. तरुणांच्या विद्यापीठात म्हाताऱ्यांचं काय काम, हा प्रश्न बाईंना किती जणांनी विचारला असेल. त्या फाइल मांडीवर घेऊन दाराबाहेर बसून राहायच्या. दर वर्षी एक वर्षाची मुदत मिळायची आणि बाई अशा परत यायच्या, जणू काही लढाई जिंकून आल्या. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. इतकं नमतं घेतल्यावर लोक डोक्यावर बसणारच.

मधल्या काळात थोरल्या ताई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. जिना उतरणं बंद झालं. अशा लोकांसाठी बाईंनी घरी जाऊन तपासायची सोय केली होती. विद्यार्थी एका पिशवीत यंत्र, घड्याळ, प्रश्न घेऊन जायचा. धाकटी मात्र स्वतःच्या तपासणीला केंद्रात यायची. तो तिचा वर्षातला सुट्टीचा दिवस. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, आणि जायचं नाव नाही. माझ्या टेबलाशी बसून सगळ्यांच्या नकला करायची, माझीही करायची. थोरलीचं करणं सोपं नसणार हे तिच्या हातांकडे बघून कळायचं, पण तक्रारीचा शब्द नसायचा.

एका वर्षी तिने येणंच बंद केलं. मी फोन केला तर म्हणाली, ताईला सोडून निघता येत नाही. तिच्याकडे पाठवा कोणाला, माझं राहू द्या. मी म्हटलं, अहो तुमचंही घरीच करू. नको म्हणाली. मला भयंकर राग आला. इतकी वर्षं आली आणि आता मध्येच सोडते म्हणजे काय! बाईंनी मला आवरलं. यायचं की नाही हे त्यांच्या मर्जीवर आहे, आपण कोणाला ओढून आणत नाही, असं त्या म्हणाल्या. क्रमांक दोनपुढे ‘थांबल्या’ असं लिहिलं गेलं आणि आम्ही कामाला लागलो.

थोरल्या ताईंकडे मात्र दरवर्षी विद्यार्थी जात राहिला. विद्यार्थी दरवर्षी नवा, कारण शिकून झालं की पोरं उडून जातात. त्याने आणलेले आकडे वर्षाच्या शेवटी बाईंपुढे यायचे. आणि मागचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघताना बाई एक दिवस खुर्चीतून उठल्याच. क्रमांक एक सुधारत होता. खुबा मोडलेली बाई, जिला हात टेकूनही उठता येत नव्हतं, ती हात न टेकता उठत होती. पकड वाढली होती. आठवण सुधारली होती. एकदा नव्हे, लागोपाठ तीन वर्षं.

बाईंना इतकं आनंदात मी कधीच पाहिलं नव्हतं. त्याच सुमारास नव्या कुलगुरूंनी केंद्र ठेवायचं की बंद करायचं हे ठरवायला एक कमिटी नेमली होती आणि या वेळी लक्षण काही खरं नव्हतं. बाईंनी अहवालाच्या पहिल्याच पानावर क्रमांक एक घेतला. त्यांचं म्हणणं असं की घरात जीव लावणारं माणूस असलं, तर म्हातारपणी गेलेली ताकद परत येऊ शकते. धाकटीने बाहेर येणं बंद केलं आणि थोरली सुधारायला लागली, हे दोन्ही एकाच वर्षी घडलं, याहून मोठा पुरावा काय हवा? यजमानांना, मला, शिपायाला, सगळ्यांना त्या हे समजावून सांगत होत्या. मीसुद्धा हुरळले. कमिटीसाठी नवे कप आणले. थोरल्या ताईंना गाडीने आणून कमिटीसमोर खुर्चीतून उठून दाखवायला सांगावं, ही कल्पना तर माझीच.

म्हणून आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. धाकटीने दार उघडलं. खूप वाळली होती. डोळ्यांवर थोरलीचा जाड काड्यांचा चष्मा. मला बघून आधी हसली, मागे बाई दिसल्या तसं हसू गेलं. बाईंना काही दिसलंच नाही, त्या बोलतच आत शिरल्या. ताईंना बोलवा, म्हणाल्या, त्यांच्यामुळे आमचं केंद्र वाचणार आहे.

धाकटी म्हणाली, ‘ताई नाही.’

बाईंनी विचारलं, कुठे गेल्या? खोलीत एकच पलंग होता. तो मला दिसला, बाईंना नाही.

‘तीन वर्षं झाली,’ ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. थोरली गेली त्यानंतर पहिल्यांदा केंद्रातून फोन आला, तेव्हा तिने या म्हणून सांगितलं. दारातच सांगू असं मनाशी ठरवलं होतं. पण जी मुलगी आली तिने विचारलं, क्रमांक एक आपणच ना? आणि हिच्या तोंडून हो गेलं. ही थोरलीच्या खुर्चीत बसली, थोरलीचा चष्मा लावला. मुलीने विचारलं, झोप लागते का, दुखतं का, काळजी घ्यायला घरी कोणी आहे का. हिने सांगितलं, बहीण आहे, फार करते माझं. ती मुलगी परत गेल्यावर हिला कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

‘वर्षातून एकदा कोणीतरी ताई कशी आहे असं विचारायला येतं,’ ती बाईंना म्हणाली. ‘ती गेली असं सांगितलं असतं तर कोण आलं असतं? मला काढून टाका ना. मी तशीही थांबलेलीच आहे. तिला राहू द्या.’

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं की असं ठेवता येणार नाही, क्रमांक बंद करावा लागेल, आणि त्याआधी ती शेवटची मुलाखत. ते ऐकताच धाकटी उठली आणि तिने दार उघडून धरलं. ते नाही, म्हणाली. बाकी काय हवं ते करा, ते प्रश्न मला विचारू नका.

परतताना बसमध्ये माझं तोंड सुटलं. आधी धाकटीवर, मग पोरांवर, मग बाईंवर. कोणी सांगितलं होतं नावं लपवायला? तुमच्याच नियमाने तुमचा गळा धरला की नाही? बाई खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी मीच युक्ती सुचवली. क्रमांक एकही थांबला असं लिहायचं, अहवालाचं पहिलं पान काढून टाकायचं, विषय संपला. कोणाच्या बापाला कळणार नाही.

बाई म्हणाल्या, ‘अगं, मग इतकी वर्षं आपण मोजत काय होतो?’

कमिटीचं आधी सांगून टाकते, कारण ते लवकर संपलं. बाईंनी उभं राहून सगळं जसंच्या तसं सांगितलं. तीन वर्षं आम्ही एका मेलेल्या बाईंना तपासत होतो, आणि जिवंत होती ती आमच्या हातून सुटली, याच शब्दांत. एक सभासद खोकल्याचं निमित्त करून हसला. दुसऱ्याने विचारलं, मग बाकीचे तरी जिवंत आहेत याची काय खात्री? बाईंनी एकेकाची खात्री करून द्यायची तयारी दाखवली. पण निकाल त्या प्रश्नातच लागला होता. केंद्राची पाटी उतरली. आम्हाला दुसऱ्या एका विभागात टाकलं, दोन कपाटं आणि एक टेबल. मला अर्ध्या दिवसाचंच काम. तपासण्या चालू ठेवायला मात्र परवानगी मिळाली, आपल्या जबाबदारीवर. नवे कप मी घरी नेले, त्यांतून चहा प्यायची कधी इच्छा झाली नाही.

बाईंनी त्या काळात काय केलं, तर दर आठवड्याला धाकटीच्या घरी गेल्या. मी म्हणायचे, जाऊ द्या ना, आता कोणासाठी? केंद्र तर गेलं. पहिल्यांदा दार उघडलं नाही तेव्हा त्या जिन्यातच बसल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या. नंतर दार उघडायला लागलं, पण मुलाखतीचा विषय कोणीच काढला नाही. भाजी निवडत बसायच्या दोघी, असं बाईंनी सांगितलं. बाईंना घरी स्वतःच्या यजमानांसोबत भाजी निवडायला कधी वेळ झाला नव्हता, हे मी बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, खरं आहे.

आम्ही जुन्या खोलीतलं सामान बांधत होतो तेव्हा एका सकाळी धाकटी स्वतःच आली. जिना, बस, सगळं एकटीने करून. पाटीची जागा बघितली, भिंतीवर खिळे तेवढे राहिले होते. दोरीने बांधलेली एक खुर्ची मी सोडवून दिली. ती बसली आणि बाईंना म्हणाली, विचारा आता.

मी निघाले, तर तिनेच मला थांबायला सांगितलं. मग बाईंनी प्रश्न विचारले, ज्या क्रमाने सगळ्यांना विचारायच्या त्याच क्रमाने. शेवटच्या महिन्यांत खाणं कसं होतं? कमी. झोप? तुटक. स्वतःचं स्वतः होत होतं का? नाही, सगळं मी करायचे. चिडायच्या का? ती चिडायची, मीही चिडायचे. सगळी उत्तरं ती नीट देत होती, सगळं जणू पाठ करून आली होती.

मग बाईंनी विचारलं, शेवटी जवळ कोण होतं?

ती खुर्चीत पुढे सरकली. मला वाटलं, आता उठून जाईल.

‘कोणी नाही,’ ती म्हणाली. ‘मी इथे होते. माझी तपासणी होती त्या दिवशी. ती तिकडे जात होती आणि मी इथे खुर्चीतून उठबस करत होते. घरी गेले तेव्हा पलंगावर होती, पाण्याचा पेला खाली पडलेला. तिला पाणी हवं होतं.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना तो दिवस आठवला हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण मलाही आठवला. पकडीचं यंत्र बिघडलं होतं, मेकॅनिक यायचा होता. धाकटीचं बाकी सगळं सकाळीच झालं होतं. तिला बाईंनीच थांबवून घेतलं होतं, एका आकड्यासाठी.

बाई म्हणाल्या, ‘मी थांबवलं तुम्हाला. तुम्ही तर निघाला होतात.’

‘नाही बाई,’ धाकटी म्हणाली. ‘मी निघाले नव्हते. तुम्ही थांबा म्हणालात तेव्हा मला इतकं बरं वाटलं. घरी जायचंच नव्हतं मला. इथे सगळे मला विचारत होते, तुम्हाला झोप लागते का, तुमचं दुखतं का. मेकॅनिक उशिरा येऊ दे असं मनात म्हणत होते मी.’

बाईंनी मान खाली घातली आणि रडल्या. इतक्या घरांत जाऊन त्यांनी ही मुलाखत घेतली होती, समोरच्या माणसापुढे त्या कधी रडल्या नव्हत्या. मी जाऊन धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने राहू दिला. थोड्या वेळाने तिनेच बाईंना विचारलं की अजून किती प्रश्न राहिले. बाई म्हणाल्या, हा शेवटचाच होता. मग तिने सांगितलेले शब्द बाईंनी होते तसे लिहून घेतले आणि क्रमांक एक बंद केला.